अक्षरे ओतणारा माणूस : जावजी दादाजी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला सादर करावयाचा एक निबंध मी संगणकावर लिहिला. इंग्रजी पुस्तकांत एखाद्या ग्रंथाचे नाव आले की ते तिरप्या अक्षरांत छापलेले असते, हे मी पाहून ठेवले होते. आपल्याही निबंधातील ग्रंथनामे तशीच दिसावीत म्हणून मी ती निवडली आणि अक्षरे तिरपी करण्याची कळ दाबली. कागद छापून हातात आला तेव्हा मात्र मन खट्टू झाले. शिरोरेषा होती तशी आडवीच राहिली होती आणि तिच्याखालचे काने व दंड सगळे एका अंगाला कलले होते. पावसात खचलेल्या कुडाच्या भिंतीसारखे ते शब्द दिसत होते. निबंध तपासताना सरांनी नेमक्या त्याच शब्दांखाली लाल रेघ ओढली आणि मराठीला हे तिरपेपण का शोभत नाही याचा विचार करून ये, असे सांगितले.

विचार करण्यासाठी मला फार लांब जावे लागले नाही. माझे वडील नववीतून शाळा सोडून एका छापखान्यात लागले होते. आज ते पुस्तकबांधणीचे काम करतात, पण त्यांच्या उमेदीची पहिली वर्षे खिळे जुळवण्यात गेली. छापण्याच्या शिशाच्या अक्षरांना आपल्याकडे खिळे म्हणतात आणि ते जुळवणाऱ्याला जुळारी. मी कागद दाखवला तेव्हा ते म्हणाले की त्यांच्या केसमध्ये तिरपा खिळा कधी नव्हताच. एखाद्या शब्दावर जोर द्यावयाचा असेल तर काळा टाइप घ्यावयाचा, नाहीतर एक नंबर मोठा. मग त्यांनी फळीवरचा एक पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात त्यांनी जपून ठेवलेले सात-आठ खिळे होते. त्यांपैकी ‘श्री’चा खिळा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. अक्षर उलटे होते, आरशात दिसावे तसे. आपल्या वस्तादांच्या तोंडी निर्णयसागरच्या खिळ्यांची थोरवी सतत असे, असेही त्यांनी सांगितले.

निर्णयसागर हे नाव मी ऐकलेले होते, पण ते पंचांगाचे. त्या नावामागे जावजी दादाजी चौधरी नावाचा एक माणूस होता, तो लहानपणी खिळे घासण्याचे काम करी आणि त्याने ओतलेल्या अक्षरांतून संस्कृत विद्येचे भांडार देशभर गेले, हे मला पुढे वाचनात समजले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. म्हणून असेल, परंतु या माणसाचे चरित्र मला फार जवळचे वाटले. तेच येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत झाला. त्या वेळी मराठी मुद्रणाचे वय फारसे नव्हते. विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे मराठीचे व्याकरण छापले ते १८०५ साली. मुंबईत अमेरिकन मिशनचे पाद्री १८१७ पासून मराठी पुस्तके छापू लागले, पण त्यांची पहिली देवनागरी अक्षरे बंगालमधून आणलेली होती आणि ती ओबडधोबड होती. मुंबईच्या वळणाची सुबक अक्षरे घडविण्याचे श्रेय त्याच छापखान्यातील टॉमस ग्रॅहॅम या कारागिराकडे जाते. त्याच्या हाताखाली जीवनवल्लभ या एतद्देशीय कारागिराने अक्षरे कोरली. दुसरीकडे, मिशनच्याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना घातला आणि १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापून काढले. छापलेल्या कागदाला शिवणे म्हणजे विटाळ, असे मानणारे लोक त्या काळी होते. शाईत चरबी असते हा त्यांचा आक्षेप. म्हणून गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई केली असे सांगतात. ज्या समाजात पोथी हाताने लिहावयाची, सोवळ्यात वाचावयाची आणि काही घरांतच राहावयाची, त्या समाजात छापखाना आला तो असा, दबकत दबकत.

जावजींच्या घरची स्थिती गरिबीची होती. शाळेत रमण्याच्या वयातच त्यांना कामाला लागावे लागले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ग्रॅहॅम यांच्या हाताखाली त्यांना महिना दोन रुपयांवर ठेवून घेण्यात आले. काम होते टाइप घासण्याचे.

हे काम म्हणजे नेमके काय, हे मी वडिलांकडून समजून घेतले. ते सांगितल्याशिवाय जावजींच्या पुढील आयुष्याचा अर्थ लागणार नाही. एक अक्षर तयार करावयाचे तर प्रथम पोलादी कांबीच्या टोकावर ते उलटे कोरावे लागते. कोरताना एक कण जास्त निघाला तर सगळे काम फुकट, कारण काढलेले पोलाद परत जोडता येत नाही. हा ठसा तापवून कडक करतात आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात. तांब्यात अक्षराची सुलटी खोल आकृती उमटते. हा झाला साचा. त्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतला की खिळा तयार होतो. एका ठशावरून साचे आणि एका साच्यातून हजारो खिळे निघतात. पण ओतून निघालेल्या खिळ्याला कडेने धातूची कूस राहते. ती दगडावर घासून काढावी लागते. घासणे कमी झाले तर दोन खिळे एकमेकांना नीट चिकटत नाहीत आणि जास्त झाले तर ओळीत फट पडते. हे ज्याच्या हाताला कळते तो घासणारा. काम सर्वांत हलके, पगार सर्वांत कमी. परंतु प्रत्येक अक्षर रोज शेकडो वेळा त्याच्या चिमटीतून जाते. ककाराचे पोट कोठे भरते, टकाराची गोलाई कोठे मोडते, कोणत्या खिळ्याची मान चटकन तुटते, हे त्याला जेवढे समजते तेवढे पुस्तक वाचणाऱ्या पंडिताला समजत नाही. जावजींची शाळा ती हीच.

मिशनच्या छापखान्यातून जावजी पुढे निरनिराळ्या छापखान्यांत गेले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘इंदुप्रकाश’, ओरिएंटल अशी नावे त्यांच्या चरित्रात येतात. ‘इंदुप्रकाश’ हे पत्र १८६२ साली निघाले. मुंबईत तेव्हा वर्तमानपत्रे, शाळा, ग्रंथमाला यांची लाट होती आणि चांगल्या मराठी खिळ्यांची गरज सर्वांनाच भासत होती. जावजींनी ही गरज ओळखली. नोकरी करता करता जमवलेल्या अल्प भांडवलावर त्यांनी १८६४ साली स्वतःची टाइप फौंड्री सुरू केली. वय अवघे पंचवीस.

या कामी त्यांना राणोजी रावजी आरू या असाधारण कारागिराची साथ मिळाली. राणोजी ठसे कोरीत आणि जावजी ओतकाम, विक्री व व्यवहार सांभाळीत. पुढे निर्णयसागरच्या अक्षराची जी कीर्ती झाली, तिचे मूळ राणोजींच्या कोरणीत आहे. जावजींचा मोठेपणा असा की, हा हात किती मोलाचा आहे हे त्यांनी ओळखले. जो स्वतः घासणारा होता त्यालाच कोरणाऱ्याची किंमत कळणार.

देवनागरी खिळ्यांचे काम इंग्रजीच्या तुलनेत किती अवघड होते, हे येथे सांगितले पाहिजे. इंग्रजीत सव्वीस लहान व सव्वीस मोठी अक्षरे, शिवाय अंक व चिन्हे, एवढ्यांत काम भागते. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाला बारा रूपे, त्यांवर जोडाक्षरे, रफार, अनुस्वार. खिळ्यांचे प्रकारच शेकड्यांनी मोजावे लागतात. मुंबईच्या पद्धतीत यावर तोड काढली होती ती अशी की, मात्रा व वेलांट्या अक्षराच्या वर वेगळ्या लहान खिळ्यांनी बसवावयाच्या आणि उकार खाली. म्हणजे वाचणाऱ्याला जी एक ओळ दिसते, ती जुळाऱ्याच्या हाताखाली तीन मजल्यांची इमारत असते. वडील म्हणतात, एखादी मात्रा छापताना उडून गेली की ‘मेला’चा ‘मला’ होई आणि बोलणी जुळाऱ्याने खावीत. अशा तीन मजल्यांत वरचा, मधला व खालचा मजला एकमेकांना बरोबर भिडावा आणि शिरोरेषा एका अक्षरापासून दुसऱ्यापर्यंत अखंड वाटावी, यासाठी खिळ्याच्या मापात केसाएवढीही चूक चालत नाही. आपल्या कारखान्यातून जाणारा माल या कसोटीला उतरावा, हाच जावजींचा आयुष्यभराचा आग्रह राहिला.

निर्णयसागरचे जुने पुस्तक हाती आले तर मजकूर न वाचता नुसते अक्षर पाहावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे. बोरूने लिहिताना रेघ जशी एकीकडे जाड व दुसरीकडे बारीक होते, तसे ते वळण आहे, पण त्यात लेखनिकाची घाई नाही. दंड ताठ, गोलाई भरलेली, अक्षराच्या पोटातील पांढरी जागा मोकळी. ही मोकळीक फार महत्त्वाची. पोट मोकळे ठेवले नाही तर बारीक टायपात शाई भरते आणि ‘घ’ व ‘ध’ एकच दिसू लागतात. अ, झ, ण ही अक्षरे उत्तर हिंदुस्थानात निराळ्या वळणाने लिहीत. निर्णयसागरच्या ग्रंथांत ती मुंबईच्या वळणाने आली आणि ते ग्रंथ दूरदूरच्या पाठशाळांत वाचले गेले. पुढे विसाव्या शतकात हिंदीचे प्रमाण लेखन ठरले तेव्हा या अक्षरांची मुंबईकडील रूपेच मान्य झाली. याचे सारे श्रेय एका छापखान्याला देता येणार नाही, पण त्यात त्याचा वाटा मोठा होता हे निश्चित.

खिळे ओतून विकण्यावर जावजी थांबले नाहीत. १८६९ साली त्यांनी ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला. मुंबईत काळबादेवीजवळ कोलभाट गल्लीत तो होता. हा पत्ता पुढे संस्कृतच्या अभ्यासकांना जगभर पाठ झाला. मुलांसाठी विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली सुरू केलेले ‘बालबोध’ मासिक येथेच निघत असे. जुन्या मराठी कवींचे काव्य प्रसिद्ध करणारा ‘काव्यसंग्रह’ही येथलाच. १८८६ साली जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादकत्वाखाली ‘काव्यमाला’ सुरू झाली. हस्तलिखितांत पडून राहिलेली कित्येक संस्कृत काव्ये, नाटके व अलंकारशास्त्रावरील ग्रंथ तिच्यामुळे प्रथमच छापले गेले. परबांनी सिद्ध केलेले ‘सुभाषितरत्नभांडागार’ आजही संस्कृतच्या अध्यापकांच्या टेबलावर असते. जावजी स्वतः संस्कृतचे पंडित नव्हते. त्यांनी पंडितांना आपल्याकडे आणले, मुद्रिते तपासण्यास शास्त्री नेमले आणि शुद्ध छपाई म्हणजे निर्णयसागर असे समीकरण लोकांच्या मनात रुजवले.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळतो. तिरपी अक्षरे इंग्रजीत आली कोठून? त्यांना इटॅलिक म्हणतात, कारण ती इटलीत जन्मली. व्हेनिस शहरात आल्डस मानुटिअस नावाचा विद्वान प्रकाशक होता. त्याच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफो हा कारागीर ठसे कोरी. ग्रिफोने आधी त्याच्यासाठी उभ्या वळणाची सुंदर अक्षरे केली होती, ज्यांच्या पायाला बारीक पट्ट्या असतात. नंतर त्याने त्या काळचे विद्वान लोक जे भरभर, किंचित कलते हस्ताक्षर लिहीत, त्याच्यावरून एक नवा टाइप कोरला. १८ व्या, १९ व्या शतकातील ही गोष्ट नव्हे. व्हर्जिल या लॅटिन कवीचे काव्य या टायपात छापून निघाले ते १५०१ साली. ते संपूर्ण पुस्तक तिरप्या अक्षरांत आहे, मात्र त्यातील मोठी अक्षरे उभीच आहेत. म्हणजे एखाद्या शब्दावर जोर द्यावा म्हणून हा टाइप जन्मला नाही. अक्षरे आटोपशीर होती आणि आल्डसला हातात मावतील अशी लहान पुस्तके काढावयाची होती. ग्रंथनामे, परभाषेतील शब्द आणि जोर देण्याचे शब्द तिरपे छापावेत, हा वापर मागाहून रूढ झाला. उभा टाइप घरचा धनी आणि तिरपा त्याचा सोबती, अशी त्यांची जोडी जमली.

यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इटॅलिक म्हणजे उभे अक्षर ढकलून कलते केलेले नव्हे. ते मुळातच दुसरे हस्ताक्षर आहे. उभ्या टायपातील लहान ‘ए’ आणि इटॅलिकमधील लहान ‘ए’ शेजारी ठेवून पाहा. पहिल्याला डोक्यावरून वळलेली कमान असते, दुसऱ्याला ती नसते. लेखणी न उचलता लिहिताना जो आकार होतो, तो तेथे आहे. संगणकाने माझ्या निबंधात जे केले ते निराळेच. त्याने ताठ माणसाला धक्का देऊन वाकवले होते.

मग आपल्याकडे असे धावते हस्ताक्षर नव्हते काय? होते, आणि फार डौलदार होते. ते म्हणजे मोडी. बोरू न उचलता, आधी ओळभर रेघ ओढून तिच्यावर सरसर लिहिली जाणारी मोडी ही मराठीची खरी धावती लिपी. देवनागरीला आपण बाळबोध म्हणत असू, पोथीसाठी ती आणि व्यवहारासाठी मोडी, अशी वाटणी होती. आमच्या घरीही पणजोबांच्या वेळचा एक मोडी कागद आहे. तो जमिनीचा आहे एवढे आजी सांगते, पण घरात तो कोणालाही वाचता येत नाही. केरी यांनी १८१० साली मराठीचा कोश छापला, त्यात मराठी शब्द मोडी खिळ्यांत होते. पण पुढे छापखान्यांनी बाळबोधच धरली आणि मोडी दप्तरात राहिली. इटलीत धावते अक्षर उभ्या अक्षराच्या शेजारी एकाच केसमध्ये येऊन बसले. आपल्याकडे दोघांची घरे वेगळी झाली आणि कालांतराने एक घर बंद पडले. देवनागरी अक्षरे तिरपी करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही, पण ते रुळले नाहीत. कारण त्यांच्या मागे कोणाच्या हाताचे वळण नव्हते.

तरीही ज्या कामासाठी इंग्रजीने इटॅलिक वापरले, ते काम मराठी व संस्कृत पुस्तकांना करावेच लागत होते. एका पानावर कोणाचे शब्द कोणते, हे वाचकाला दाखवावे तर लागतेच. निर्णयसागरने ते लहानमोठ्या टायपाने केले. एखादे सटीक संस्कृत काव्य उघडून पाहा. मूळ श्लोक मोठ्या टायपात, त्याखाली टीका लहान टायपात आणि तळाशी पाठभेद त्याहून बारीक टायपात. कवी, टीकाकार आणि संपादक हे तिघे एकाच पानावर बसलेले असतात आणि कोण बोलत आहे हे शब्द वाचण्याआधीच डोळ्याला समजते. असे पान साधावयाचे तर एकाच वळणाची अक्षरे निरनिराळ्या मापांत कोरलेली हवीत. मोठे अक्षर नुसते लहान करून चालत नाही. लहानाचे पोट थोडे अधिक मोकळे, रेघ थोडी अधिक भक्कम ठेवावी लागते. प्रत्येक माप म्हणजे पुन्हा पोलादाच्या शेकडो नव्या कांब्या. निर्णयसागरच्या अक्षराचा खरा गुण मला येथे दिसतो. ते अक्षर स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही. ते ज्याला त्याला त्याची जागा देते.

आल्डसचे आणि जावजींचे आणखी एका बाबतीत जुळते. बारीक टाइप चांगला असला की लहान पुस्तक काढता येते. निर्णयसागरचे ‘बृहत्स्तोत्ररत्नाकर’ आणि गीतेचे गुटके यांनी जे काम केले ते केवळ छपाईचे नव्हते. पोथी मांडी घालून, रुमाल सोडून वाचावयाची. गुटका खिशात राहतो, एसटीत वाचता येतो. आमच्या आजीचा गुटका कोणत्या छापखान्याचा आहे हे सांगता येत नाही, कारण त्याची पहिली पाने केव्हाच गळून पडली आहेत. पण आजी शाळेत गेली नव्हती. मुले शिकू लागली तेव्हा त्यांच्याबरोबर ती अक्षरे शिकली आणि पंचवटीत घेतलेल्या त्या गुटक्यावर वाचायला लागली. छापलेल्या कागदाचा विटाळ मानणाऱ्यांना हेच नको असेल काय, असे कधी कधी माझ्या मनात येते. शाईतील चरबी हे निमित्त असेल. खरी भीती पोथी कोणाच्याही हाती जाईल ही असेल.

जावजी १८९२ च्या एप्रिल महिन्यात निवर्तले. वय त्रेपन्नच्या आसपास होते. दोन रुपयांच्या नोकरीपासून सुरू झालेले आयुष्य एवढ्या अवधीत देशातील अग्रगण्य छापखान्यापर्यंत पोहोचले होते. त्यांच्यामागे तुकाराम जावजी यांनी व पुढे पांडुरंग जावजी यांनी ही परंपरा चालू ठेवली. महाभारताची ‘कुंभकोणम् प्रत’ म्हणून जी ओळखली जाते, ती दक्षिणेतील पंडितांनी सिद्ध केली, पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापली ती निर्णयसागरमध्ये. तामीळ देशातील ग्रंथासाठी मुंबईचे अक्षर निवडले गेले, यावरून या छापखान्याचा लौकिक ध्यानात यावा.

चरित्र येथे संपते, पण माझ्या मनात एक गोष्ट राहून जाते. ग्रिफोने कोरलेल्या अक्षरांना जग बराच काळ आल्डसची अक्षरे म्हणत आले. दोघांचे पुढे बिनसले आणि ग्रिफो व्हेनिस सोडून गेला. राणोजी आरू यांचेही तसेच. निर्णयसागरचे नाव पुष्कळांना ठाऊक आहे, जावजींचे काहींना, राणोजींचे थोड्यांना. आणि जावजींनी आपली फौंड्री घातल्यावर तेथे जी मुले खिळे घासावयास बसली असतील, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. ग्रंथाच्या पहिल्या पानावर कवीचे, टीकाकाराचे, संपादकाचे व प्रकाशकाचे नाव असते. ज्यांच्या हातून प्रत्येक अक्षर गेले त्यांच्यासाठी त्या पानावर जागा नसते. आमच्या नाशिकला हे वेगळे सांगावयास नको. नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. नोटेवर सही असते ती गव्हर्नरांची. ती ज्यांनी छापली त्यांची घरे आमच्याच गल्ल्यांत आहेत.

म्हणूनच जावजींचे चरित्र मला अपवाद म्हणून मोलाचे वाटते आणि थोडे अस्वस्थही करते. घासणाऱ्या मुलाचे नाव पुस्तकावर आले, ते त्याच्या कर्तृत्वाने आले. पण विद्या ती फक्त ग्रंथात असते आणि हातात असते ती मजुरी, हा समज मात्र तसाच राहिला. मीही तो घेऊनच महाविद्यालयात आलो होतो. वडील नववीपर्यंत शिकले, असे मी फॉर्मवर लिहीत असे आणि त्यापुढे त्यांना काही येते असे माझ्या ध्यानातही येत नसे.

खिळ्यांचे युग संपले. वडिलांच्या छापखान्यातील केस वजनावर भंगारात गेल्या आणि शिसे वितळवले गेले, तेव्हा त्यांनी ते सात-आठ खिळे मागून घेतले होते. पण निर्णयसागरचे अक्षर वितळले नाही. त्याच्या कित्येक ग्रंथांची पाने पुढे छायाचित्राने जशीच्या तशी घेऊन पुन्हा छापण्यात आली, कारण इतके शुद्ध पान नव्याने जुळवणे कोणाला परवडणारे नव्हते. राणोजींनी कोरलेला ‘क’ त्या पुनर्मुद्रणांत आजही वाचावयास मिळतो.

अशीच एक प्रत वाचनालयातून आणून मी वडिलांना दाखवली. त्यांना संस्कृत येत नाही. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक उजेडाकडे तिरपे धरले आणि बराच वेळ एका पानाकडे पाहत राहिले. मग बोट ठेवून त्यांनी मला दाखवले की, या ओळीत रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले आहेत, तरी वरच्या ओळीचा उकार कोठे अडखळलेला नाही. ती ओळ मी आधी दोनदा वाचली होती. मला ते दिसले नव्हते.

निबंध मी पुन्हा लिहून दिला. ग्रंथनामे उभ्याच अक्षरांत, अवतरणचिन्हांत ठेवली.